कडव्याचे माप आणि कवितेचे आयुष्य



जुन्या कवींनी कडव्याला माप का घातले, हा आजचा प्रश्न. उत्तरासाठी दूर जावयास नको. येथे धारला १९०३ साली सापडलेल्या शिलालेखात दोन प्राकृत काव्ये आहेत. प्रत्येकात १०९ आर्या. पृथ्वी पेलणाऱ्या कूर्माचे ते स्तवन. आर्येच्या चरणांत अनुक्रमे १२, १८, १२ आणि १५ मात्रा असतात. दगडावरील अक्षर झिजले, तरी तेथे किती मात्रांचा शब्द होता, हे वृत्त सांगते. हीच आर्या पुढे मोरोपंतांनी (१७२९–१७९४) मराठीत नांदवली.

ओवीचा स्वभाव निराळा. ज्ञानेश्वरीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. अक्षरसंख्या मात्र सैल. निरूपणाला ती मोकळीक देते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी बावीस अक्षरे. चौथ्या चरणाशी श्वास थांबतो आणि अर्थ मनात उतरतो. १९४८ पासून अखेरपर्यंत देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांनी तुकोबांचे अभंग गायले, तेव्हा हा विसावा श्रोत्यांनी अनुभवला.

माळव्यातील आपल्या मराठी घरांत भाषा टिकली ती बरीचशी पाठांतराने. एखादा शब्द गळला, तर चरण लंगडे व चूक उमगे. आज शाळा हिंदी-इंग्रजीची, आणि ते पाठांतर मागे पडत आहे. म्हणून विनंती एवढीच : नातवंडांना अर्थ सावकाश सांगा, आधी बोटांवर अक्षरे मोजावयास शिकवा.