पैसे गेले, फोन का काढून घेता?

(तलवाडा, ता. गेवराई येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



सायबर हल्ले मुंबई-पुण्याच्या कंपन्यांवर होतात, आपल्याला काय त्याचं, असं वाटतं. पण पापड-शेवया विकणारा आपला गट हासुद्धा धंदाच आहे.

ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला, तोही दार न फोडता. चोरांनी बँकेच्या संगणकात घातक प्रोग्राम घुसवला. एटीएममधून पैसे द्यायची परवानगी बँक देते, ती बँकेच्या नावाने चोरच देऊ लागले. बनावट कार्डं वापरून 28 देशांत पैसे काढले गेले. दोन दिवसांनी आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली. एकूण सुमारे 94 कोटी रुपये! 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा केली.

दुसरा हल्ला कुलूप घालण्याचा. संगणकातली माहिती बंद करायची आणि खंडणी मागायची. जून 2017 मध्ये अशाच हल्ल्याने न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं.

तिसऱ्यात यंत्र नाही, माणूस फोडतात. हा आपल्या दारातला. ‘पाचशे पाकिटं पाहिजेत, आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका.’ बायांनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. अंगठ्याचंही तसंच. ‘उठला नाही, परत लावा’ म्हटलं तर आधी पावती मागा.

इथल्याच एका गटाच्या सचिवबाईंचे असे अकरा हजार गेले. त्यांना विचारूनच सांगते आहे. नवऱ्याने फोन काढून घेतला. गटातही कुजबुज झाली, हिशेब एखाद्या पुरुषाकडे द्यावा म्हणून. कॉसमॉस बँकेत तर शिकलेली, पगारी तज्ज्ञ माणसं होती. त्यांना कुणी ‘तुम्हाला कळत नाही, घरी बसा’ म्हटलं का?

त्या लाजेने बाई चार दिवस गप्प राहिल्या. तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले. 1930 या नंबरवर लगेच फोन केला, तर खात्यातच रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. चोराला आपल्या बोलणी खाण्याच्या भीतीचा फायदा मिळतो, तो असा.

फोन आता त्यांच्याकडे परत आला आहे. तोटा त्यांच्या बचतीतून वळता करायचा की सगळ्या गटाने सोसायचा, हे राहिलं आहे. ते आज, त्यांच्यासमोर ठरवू.