वाडी वसवणारी माणसं



मिरजेहून पुण्याकडे निघालेली गाडी भिलवडी सोडून पुढे आली की किर्लोस्करवाडीचं स्टेशन लागतं. पूर्वी या स्टेशनाला कुंडल रोड म्हणत. कुंडल हे जुनं, नावाजलेलं गाव. त्याचं नाव मागे पडलं आणि स्टेशनावर एका कारखान्याच्या वसाहतीचं नाव लागलं. कारखाना कुणी काढला हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मला आज बोलायचं आहे ते कारखान्याभोवतीच्या वाडीबद्दल. कारण कारखाना काढण्यापेक्षा गाव वसवणं अवघड, असं माझं मत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं लक्षात आल्यावर ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काही वर्षं शिकवलं. मग बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर आधी सायकलींचं दुकान आणि पुढे कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. धंदा जरा मार्गी लागतो आहे तोच नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली, आणि बेळगाव सोडावं लागलं.

अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर माळ दिला आणि बिनव्याजी 10,000 रुपये कर्जाऊ दिले. माळ कसला, निवडुंगाचं रान. त्यात नागांचा सुळसुळाट. 10 मार्च 1910 रोजी या माळावर वसाहतीची सुरुवात झाली. 25 कामगार आणि त्यांची कुटुंबं यायची होती. कारखान्याची यंत्रं रेल्वेनं येतात, हो. पण पिण्याचं पाणी, डोक्यावरचं छप्पर, आजाऱ्याला औषध, पोरांना शाळा, यांतलं काहीच तिथं नव्हतं.

ही कामं कुणी केली ते पाहा. वाडीची आखणी आणि कारभार रामूअण्णांकडे. लक्ष्मणराव नांगराच्या मागे आणि रामूअण्णा नांगर करणाऱ्यांच्या संसारामागे, अशी दोघा भावांची वाटणी होती. शंभूराव जांभेकर इंजिनिअर. पण कुणी आजारी पडलं की तेच वाडीचे डॉक्टर, आणि कुठं काही मोडलं की दुरुस्तीलाही तेच. के. के. कुलकर्णी व्यवस्थापक, खरेदीदार, कायद्याचे सल्लागार, आणि कसलीही अडचण आली की निस्तरायला पुढे. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले, त्यांनी सगळा हिशेब सांभाळला. अनंतराव फळणीकरांचं शिक्षण शाळेतच सुटलेलं, तरी कल्पक इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव झालं. पदवी कोणती, हे त्या माळावर विचारायला सवडच नव्हती.

आणि रात्रीची राखण? ती तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. ज्या जातींच्या कपाळी चोरीचा शिक्का मारून समाज मोकळा झाला होता, त्यांतल्या या माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी सबंध वाडीची झोप सोपवली, आणि त्यांनी ती राखली. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हाही लक्ष्मणरावांचा दंडक होता. याच औंध संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा होती. किर्लोस्करवाडीनं ही वाट कितीतरी आधी चोखाळली होती, हे सांगितलंच पाहिजे.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. भट्टी विझली तर चुली विझणार, अशी अवस्था. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचं लोखंड साच्यांत ओतलं गेलं आणि नांगर होऊन शेतात गेलं.

पण या वाडीनं बाहेर पाठवलेला सगळा माल काही लोखंडी नव्हता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे आपले शंवाकि. हेही चित्रकार. कारखान्याच्या जाहिरातींचं काम पाहता पाहता 1920 साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याचं ते पत्रक बघता बघता 'किर्लोस्कर' मासिक झालं. 1930 मध्ये 'स्त्री' आलं, 1934 मध्ये 'मनोहर'. जवळपास शहर नाही, कॉलेज नाही, अशा माळावरून विवेकवादाचे, स्त्रियांच्या प्रश्नांचे, रूढींवर कोरडे ओढणारे लेख महाराष्ट्रभर जात होते. ज्या घरात किर्लोस्करांचा नांगर कधीच गेला नसेल, त्या घरातली सूनही 'स्त्री'ची वाट पाहत असे. माझ्या लेखी वाडीचं हे उत्पादन नांगराच्या तोडीचं आहे.

एका कारखान्याच्या छायेतलं गाव म्हटलं की घर मालकाचं, दुकान मालकाचं, नियमही मालकाचे. इथंही ते होतंच. नोकरी सुटली तर घर सुटणार, ही टांगती तलवार अशा प्रत्येक वसाहतीत असते, आणि कुणाची माया कितीही खरी असली तरी ती धार बोथट होत नाही. हे नोंदवल्याशिवाय वाडीचं कौतुक पुरं होत नाही.

पण वाडीतली माणसं मालकाच्या शब्दापलीकडे पाहत नव्हती, असं मात्र नाही. शेजारचं कुंडल हे इंग्रज सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचं बालेकिल्ल्यासारखं ठाणं. सप्टेंबर 1942 मध्ये इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात उमाशंकर पंड्या धारातीर्थी पडले. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर. पुढे 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतर जाळपोळीची लाट उसळली, त्यात वाडीचा कारखानाही पेटला. अनेक वर्षांच्या श्रमांची राख झालेली लक्ष्मणरावांनी उतारवयात पाहिली. कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव 1956 साली गेले.

आज वाडीत पंप तयार होतात. मासिकं कधीच पुण्याला गेली होती, ती आता बंद झाली आहेत. कारखानदारांची चरित्रं लिहिली गेली, ते योग्यच झालं. पण मोल्डर, सुतार, फिटर, छापखान्यात खिळे जुळवणारे, पाण्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायका, यांची वाडी अजून पुरती कागदावर आलेली नाही. पलूस, कुंडल, रामानंदनगर, भिलवडी या भागातल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात वाडीत नोकरी केलेलं कुणी जुनं माणूस असेल, तर त्याच्याजवळ बसा. कुठल्या खात्यात काम होतं, पगार किती होता, शेजारी कोण राहत होतं, 1948 च्या त्या दिवशी काय झालं, ते विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा.