मुखपट्टीआडचे डॉक्टर

नगरहून छत्रपति संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासा तालुक्यांत, घोडेगांव लागतें. कांद्याचा बाजार आणि शनिशिंगणापुराकडे फुटणारी वाट, यांमुळें तेथील वर्दळ सहसा खंडत नाहीं. मार्च २०२० मध्यें ती खंडली. राज्यांतील इतर देवळांबरोबर शिंगणापुरचें देवस्थान जें बंद झालें, तें नोव्हेंबरांत दिवाळीच्या पाडव्यालाच उघडलें. ओस रस्ता सर्वांना दिसत होता. रुग्णालयांच्या भिंतींआड काय बंद झालें, तें मात्र फारसें कोणास दिसलें नाहीं.

१३ मार्च २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. मुंबईच्या प्लेगांतून जन्मलेला हा कायदा. तो प्लेग १८९६ सालीं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं मांडवी भागांत प्रथम ओळखला होता. परंतु डॉक्टरांना जाचले ते नियम याहून फार साधे होते : अंतर ठेवावें, मुखपट्टी काढूं नये, एकत्र जेवूं नये. नियम चुकीचे नव्हते. रोग्याजवळ सावध असणारा डॉक्टर सहकाऱ्यासमोर चहा घेतांना मुखपट्टी उतरवी, आणि संसर्गाला तेवढी संधि पुरे होई. पण ती पांच मिनिटें म्हणजे केवळ चहा नव्हे. श्रोत्यांस हें क्षुल्लक वाटेल. तथापि शिकाऊ डॉक्टर आपली शंका ज्येष्ठाला तेथेंच विचारतो, आणि रात्रीं हातचा रोगी गेला तर सकाळीं तेथेंच दोन शब्द बोलून मोकळा होतो. आतां तो डबा घेऊन एकटा कोपऱ्यांत बसूं लागला.

संरक्षक पोषाखांत तासन् तास पाणीहि पितां येत नसे. आंत कोण आहे हें कळेना, म्हणून पोषाखावर नांवें लिहावीं लागत. रोजचा सोबती अक्षरांवरून ओळखावयाचा!

घरचा प्रश्न निराळाच. योग्य पोषाख घालून काम केलेल्यांस पाळीनंतर सरसकट विलगीकरण आवश्यक नाहीं, असें १५ मे २०२० च्या केंद्रीय सूचनेनें ठरविलें. कागदावर ही सवलतच. पण घरीं म्हातारे आईबाप असलेल्या डॉक्टरानें जावें कोठें? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. त्यापूर्वीं, २२ एप्रिलच्या वटहुकुमानें डॉक्टरांना गंभीर दुखापत करणारास ७ वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. उगारलेला हात त्यानें आवरेल. जिन्यांत तोंड फिरविणारा शेजारी कोणत्या कलमांत बसावयाचा?

खेड्यांतल्या दवाखान्यांत तर डॉक्टर एक-दोनच. एकाला बोलावयास दुसरा मिळणें आधींच कठीण. भेटी बंद करणाऱ्या नियमानेंच भेटीची दुसरी जागा नेमून द्यावयास हवी होती. आवारांत एखादा निंब बहुधा असतोच. त्याखालीं सहा फुटांवर दोन खुर्च्या टाकल्यानें कोणताहि नियम मोडत नव्हता.