पुनर्विवाह आणि मित्रधर्म

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात चिंचवड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या व्यासपीठावरून विवाह या विषयावर दरवर्षी बोलले जाते. वधुवर-मेळावे भरतात, मानपान व अवास्तव खर्च यांविरुद्ध ठराव होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु हा सारा विचार प्रथमविवाहाचा असतो. ज्यांचा संसार मृत्यूने अर्ध्यावर मोडला, अशा स्त्री-पुरुषांचा विचार आपण क्वचितच करतो. वधुवर-सूचीच्या अखेरच्या पानावर ‘विधवा-विधुर’ या मथळ्याखाली चार-सहा नावे छापली की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. आज आम्ही त्या अखेरच्या पानाविषयी चार शब्द बोलणार आहोत.

हा विषय आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण परिसराला विशेष लागू आहे, असे आम्हांस वाटते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे आकुर्डी, भोसरी आणि अलीकडे चाकण येथपर्यंत कारखानदारी पसरली. १९८२ साली येथे महानगरपालिका झाली. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील किंवा आजोबा कोकणातून, खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून नोकरीच्या शोधात येथे आले. गाव मागे राहिले, भाऊबंद मागे राहिले. रात्रपाळीत सोबत असणारा सहकारी हाच भाऊ झाला आणि शेजारची गृहिणी हीच बहीण झाली. अशा वस्तीत एखाद्या घरावर घाला आला, म्हणजे प्रथम धावून येतो तो मित्र. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या महामारीत हे आपण सर्वांनी पाहिले आहे. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर क्रीडांगणावर रुग्णालय उभारावे लागले, असे ते दिवस होते. त्या काळात डबे पोहोचविणारे, औषधांसाठी वणवण करणारे आणि अखेरच्या निरोपाला उभे राहिलेले बहुधा मित्रच होते.

प्रश्न पुढचा आहे. दहावे-तेरावे झाले, वर्षश्राद्ध झाले, मुले पुन्हा शाळेत जाऊ लागली. त्यानंतर त्या एकाकी राहिलेल्या माणसाचे काय? पुरुषाच्या बाबतीत आपण उत्तर तयार ठेवलेले असते. वर्ष सरण्यापूर्वीच “मुलांकडे कोण पाहणार?” म्हणून त्याच्यासाठी स्थळे शोधली जातात. स्त्रीच्या बाबतीत मात्र तीच मुले तिच्या पायांतील बेडी ठरतात. “मुलांकडे पाहून दिवस काढ,” असे तिला सांगितले जाते. एकच कारण एकाला विवाहाची अनुज्ञा देते आणि दुसरीला त्यापासून परावृत्त करते, हा न्याय नव्हे.

या बाबतीत मित्रांनी काय करावे, याचा वस्तुपाठ आपल्या पुण्यातच सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी घडून गेला आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा लहान होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून पुण्यास आले. पस्तिशीच्या आतला, सुशिक्षित, प्राध्यापक विधुर! त्या काळच्या रीतीप्रमाणे दहा-बारा वर्षांच्या मुलींची स्थळे त्यांना सहज मिळाली असती. परंतु पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता.

मुंबईस असताना नरहरपंत जोशी हे त्यांचे स्नेही त्यांच्याबरोबर एकाच बिऱ्हाडात राहत असत. नरहरपंतांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झालेली होती. भावाच्या आश्रयाने ती मुंबईस आली आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी उघडलेल्या शारदासदनात पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणून दाखल झाली. पुढे सदन पुण्यास आले, तशी तीही आली. कर्वे तिला ओळखत होते आणि तीही त्यांना ओळखत होती. राधाबाईंनाही तिने पाहिलेले होते. अनोळखी माणसाच्या गळ्यात माळ घालण्याचा हा प्रकार नव्हता. वडील बाळकृष्णपंत आणि बंधू नरहरपंत यांनी संमती दिली, आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

आज ही गोष्ट आपण सहज ऐकतो. त्या वेळी तिचे मोल काय पडले, तेही ध्यानात घ्यावे. कर्व्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला; स्वतःच्या गावी गेले असता घरच्या माणसांनाही त्यांच्याशी मोकळेपणाने वागणे अशक्य झाले. अशा समयी ज्या मित्राने स्वतःची बहीण देऊ केली आणि ज्या पित्याने वार्धक्यात लोकापवाद पत्करला, त्यांचे धैर्य वधुवरांच्या धैर्याहून कमी नव्हते. आनंदीबाईंनी पुढे १९५० पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, महर्षींच्या कार्याला साथ दिली. ‘माझे पुराण’ या नावाने त्यांनी आपली कहाणीही सांगितली आहे.

या विवाहानंतर १८९३ सालीच विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन झाली. तिच्या घटनेतील एक नियम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. ज्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला, किंवा अशा दांपत्याबरोबर उघडपणे पंक्तीस बसण्याची ज्यांची तयारी होती, तेच सभासद. बाकीचे सगळे केवळ सहानुभूतिदार. भाषणे करणारा, वर्गणी देणारा, मनातून अनुकूल असणारा मनुष्य सहानुभूतिदाराच्या यादीत. आणि शेजारी पाट मांडून जेवणारा सभासदांच्या यादीत! मित्र कोणास म्हणावे, याची याहून सोपी कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

विचार पटणे आणि घरात आचरणे यांत किती अंतर असते, याचेही उदाहरण त्याच काळात आहे. न्यायमूर्ती रानडे हे पुनर्विवाहाचे थोर पुरस्कर्ते. परंतु १८७३ साली त्यांची प्रथम पत्नी वारली, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना मान तुकवावी लागली आणि अवघ्या अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे थोर समाजसेविका रमाबाई रानडे झाल्या, हा भाग निराळा. रानड्यांसारख्या पुरुषाला वडिलांचा शब्द मोडवला नाही. मग आपल्या ज्ञातीतील एखादी चाळिशीची विधवा सासू-सासऱ्यांपुढे, दिरांपुढे, वयात आलेल्या मुलांपुढे तोंड उघडू शकत नाही, तर त्यात आश्चर्य ते कोणते? तिच्या वतीने दुसऱ्या कोणी बोलले पाहिजे.

असे बोलणारे आपल्यातही आहेत. आपल्याच मंडळातील एका भगिनीची हकीकत तिच्या अनुमतीने, नाव न घेता, आम्ही सांगतो. तिचे यजमान भोसरीच्या एका कारखान्यात होते. २०२१ साली ते गेले. मागे दोन मुले आणि वृद्ध सासूबाई. मंडळाच्या वह्या-पुस्तके वाटपाच्या कामात चाकणकडील एका विधुर सद्गृहस्थांशी तिचा परिचय झाला. दोन-तीन वर्षांत परस्परांविषयी आदर वाटू लागला आणि आदराचे रूपांतर प्रेमात झाले. परंतु दोघेही ते स्वतःशीसुद्धा कबूल करीत नव्हते. ते प्रथम ओळखले तिच्या दोन मैत्रिणींनी आणि तिच्या दिवंगत यजमानांच्या एका कारखान्यातील मित्राने. तिघांनी घाई केली नाही. आधी तिला एकांतात विचारले. ती म्हणाली, “मला त्यांचा विसर पडला, असे लोक म्हणतील.” त्यावर तो मित्र म्हणाला, “वहिनी, त्याला विसरायला तुम्हांला कोणी सांगत नाही. त्याला मीही विसरलेलो नाही, म्हणूनच विचारतो आहे.”

मग मैत्रिणी सासूबाईंकडे गेल्या. एकदा नव्हे, चार वेळा गेल्या. पहिल्या दोन खेपांस त्यांना चहाही मिळाला नाही. चौथ्या खेपेस सासूबाई म्हणाल्या, “मुलगा गेला. आता सून आणि नातवंडेही जातील, एवढेच माझे भय आहे. ती येत-जात राहणार असेल, तर माझी ना नाही.” विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झाला. त्यास तीन साक्षीदार लागतात. ते हेच तिघे. पुढच्या संक्रांतीस मैत्रिणीने आपल्या घरी हळदीकुंकू केले आणि पहिले वाण हिच्या हाती दिले. काही जणी त्या दिवशी आल्या नाहीत. पण दुसऱ्या वर्षी आल्या. सासूबाई आज दोन्ही घरांतून असतात. नव्या घराच्या भिंतीवर दोन्ही दिवंगतांची छायाचित्रे शेजारी-शेजारी लावलेली आम्ही पाहिली आहेत.

बंधुभगिनींनो, या हकीकतीत शौर्याचे असे काही नाही. चार वेळा एका वृद्धेच्या दारी जाणे आणि सहीसाठी अर्ध्या दिवसाची रजा काढणे, एवढेच आहे. परंतु त्यावाचून ती दोन माणसे जन्मभर एकमेकांना लांबूनच नमस्कार करीत राहिली असती.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. पुनर्विवाह केला तर पहिल्या पतीच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागते, अशी समजूत अद्याप आहे. १८५६ च्या विधवा-पुनर्विवाह कायद्यात तशी तरतूद होती खरी. परंतु १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने परिस्थिती पालटली आणि जुना कायदा १९८३ साली रद्दही झाला. पतीच्या निधनानंतर वारसाहक्काने पत्नीला मिळालेला हिस्सा तिचाच राहतो. पुढे विवाह केल्याने तो जात नाही. निवृत्तिवेतनाची गोष्ट मात्र निराळी आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत विधवेचे वेतन पुनर्विवाहापर्यंतच ठेविलेले आहे, आणि त्यानंतर मुलांना अनाथ-निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आहे. आपले बहुसंख्य कुटुंबीय कारखान्यांतून काम करणारे. तेव्हा कोणत्याही निर्णयापूर्वी जाणकाराकडून कागदपत्रे पाहून घेणे इष्ट. हे कामही मित्राचेच. दुःखात असलेल्या माणसाला कचेरीच्या खिडकीपुढे एकटे उभे करू नये.

कोणी म्हणेल, ही आपली परंपरा नव्हे. तसे म्हणणाऱ्यांनी जुन्या माणसांना विचारावे. महाराष्ट्रातील कितीतरी ज्ञातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती; पुढे वरिष्ठपणाच्या खोट्या कल्पनेने अनेकांनी ती टाकून दिली. आणि नवी परंपरा निर्माण होण्यासही फार काळ लागत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने तो इतर गावांपुढे अनुकरणीय म्हणून ठेविला. एका खेड्याला जे साधले, ते कारखान्यांच्या या सुशिक्षित नगरीला साधू नये काय?

मित्रधर्मालाही मर्यादा आहे, हे सांगणे अवश्य आहे. प्रत्येक एकाकी स्त्री-पुरुषाने विवाह केलाच पाहिजे, असा आमचा मुळीच आग्रह नाही. कोणाला स्मृतीच्या सोबतीने राहावेसे वाटते. त्यांचा तो निर्णय तितकाच आदरणीय. मित्राने ढकलू नये, थट्टा करू नये, चारचौघांत नावे जोडू नयेत. विचारावे, थांबावे आणि होकार आला तर मात्र मागे सरू नये. मुलांशीही मोकळेपणाने बोलावे. आईचा किंवा वडिलांचा विवाह त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळणे योग्य नव्हे.

आमची मंडळाला विनंती दोनच गोष्टींची आहे. वधुवर-सूचीतील ते अखेरचे पान पुढील वर्षापासून वेगळे न ठेवता ती नावे इतरांबरोबरच छापावीत. आणि ज्ञातीतील कोणाचा पुनर्विवाह होईल, त्या दांपत्याला वार्षिक संमेलनात आग्रहाने बोलावून कार्यकारिणीच्या सर्व सभासदांनी सपत्नीक त्यांच्या पंक्तीस बसावे. यास पैसा लागत नाही. कोणत्या यादीत आपले नाव असावे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.