दंडारीच्या वाटेने

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही दंडारीवर बोलणार आहोत. नाचगाण्याचा आणि पऱ्हाटीचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. आम्हीही तसेच म्हणत होतो. शेतकी कॉलेजात आम्ही कीड शिकलो, खत शिकलो. पण एक गाव दुसऱ्या गावाशी कसे बोलते, हा धडा तिथे नव्हता. तो जिवतीच्या डोंगरात मिळाला.

जिवतीचा मुलूख आता चंद्रपूर जिल्ह्यात आहे, पलीकडे तेलंगणातला आसिफाबाद. पण 1956 पर्यंत राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. माणसे आधीची, रेघ नंतरची. या भागातल्या 14 गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला आणि लोकांनी दोन्हीकडे मते दिली. 1972 साली आपल्याकडे एकाधिकार खरेदी आली, तेव्हा स्वतःच्या शेतातला कापूस पलीकडे नेणे हा गुन्हा झाला. भाव बरा मिळेल म्हणून सीमेवरच्या कास्तकाराने रात्रीच्या अंधारात बंडी हाकली, चोरासारखी. सरकारने माणसाला आणि मालाला रेघ आखून दिली. अळीला मात्र कुणी सीमाबंदी लावली नाही.

2017 साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते तुम्ही भोगले आहे. 2006 साली आलेल्या बीटी-2 बियाण्याला ही अळी जुमानेनाशी झाली होती. त्यानंतर आम्ही तक्ते घेऊन गावोगाव फिरलो. अळी सरकीत, किडक्या बोंडांत, उभ्या पऱ्हाटीत झोपून राहते. चार-पाच महिने शेतात कपाशी नसेल तर तिचा फेरा तुटतो. म्हणून फरदड घेऊ नका, डिसेंबर संपता संपता पऱ्हाटी काढा. सगळे खरे, सगळे शास्त्रशुद्ध. जिवती तालुक्यातल्या एका गावी आम्ही दीड तास बोललो. लोकांनी ऐकले, चहा पाजला. प्रश्न एकही आला नाही. गावाला समजत नाही, असे आम्ही मनात म्हणालो. चूक आमची होती.

दिवाळीचे दिवस होते. संध्याकाळी पलीकडच्या गावाची दंडारी आली. राजगोंडांची ही जुनी रीत आहे. एक गाव ढोल-वाजंत्री घेऊन दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जाते. पुढे गुसाडी असतात, डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, अंगाला राख, हातात दंड. यजमान गाव त्यांचे पाय धुते, जेवू घालते, मुक्कामाला ठेवते. पुढे कधी यजमानांनी त्यांच्या गावी जायचे. फेड ठरलेली. याच गुसाडी नाचासाठी आसिफाबाद जिल्ह्यातल्या कनका राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

नाच संपला की माणसे उठून जात नाहीत, हे आम्ही त्या रात्री पाहिले. शेकोटीभोवती दोन्ही गावे बसली. सोयरिकी निघाल्या, जुनी उसनवारी निघाली, गुरांच्या वाटेचा तंटा निघाला. गोंडी, मराठी, तेलुगू, सगळी सरमिसळ. कुणी कुणाला गप्प बसवत नव्हते, कारण पाहुण्याचा मान होता आणि परतभेट बाकी होती.

तिथे एका म्हाताऱ्या बाबांनी आमच्याकडे पाहून विचारले, "साहेब, आम्ही पऱ्हाटी काढली अन् नाल्यापलीकडे तशीच उभी राहिली, तर पाखरू काय परवाना दाखवून येते?" दीड तासाच्या सभेत न आलेला प्रश्न हाच होता. मग पलीकडचे बोलले. मग एक बाई म्हणाल्या, "पऱ्हाटी जाळा म्हणता, मग चुलीत काय घालू?" हा प्रश्नही आमच्या तक्त्यात नव्हता. पावसाळाभर पुरेल एवढे सरपण घरामागे रचलेले असते, आणि त्यातल्या न उमललेल्या बोंडांत अळी मुक्काम करते.

उत्तर कुणा एकाचे नव्हते. शेवटचा वेचा झाला की दोन्ही गावांची शेळ्या-मेंढरे एकमेकांच्या वावरात सोडायची. ज्वारी घटली, कडबा घटला, चाऱ्याची नड दोन्हीकडे आहेच. शेळी हिरवी बोंडे खाते, अळी बोंडासकट जाते. मग पऱ्हाटी उपटायची, राहिलेली किडकी बोंडे झोडून जाळायची आणि नुसत्या काड्या सरपणाला रचायच्या. तारीख दोन्ही गावांनी एकच धरायची.

सगळ्यांनी पाळली का? नाही. ज्यांच्या विहिरीला पाणी होते, त्यांतल्या काहींनी फरदड ठेवली. अळी हटली असे सांगून आम्ही तुम्हाला फसवणार नाही. पण दुसऱ्या वर्षी त्याच माणसांना परतभेटीच्या रात्री शेकोटीपाशी उत्तर द्यावे लागले. कोणत्या परिपत्रकाने हे साधले असते?

आमचा एक तरुण कार्यकर्ता उत्साहाने म्हणाला, दंडारीच्या गाण्यात आपल्या घोषणा घालू. बाबांनी हात जोडले. "हे देवाचे आहे बाप्पा, तुमची जाहिरात नाही." बाबांचे बरोबर होते. दंडारी आमच्या व्यासपीठावर आणायची नाही. आपण तिच्या अंगणात जायचे, मागच्या रांगेत बसायचे, आणि विचारले तर बोलायचे.

म्हणून सीमेवरच्या गावांना आमचे सांगणे एवढेच. येत्या दिवाळीत पलीकडून दंडारी येईल, किंवा तुमची तिकडे जाईल. जिथे दंडारी नाही तिथे जत्रा असेल, भजन असेल, नाहीतर ज्वारीच्या खळ्यावरची बैठक असेल. तिथे बिल्ला न लावता, माइक न नेता जा. नाच पुरता होऊ द्या. मग तीन गोष्टी विचारा. शेवटचा वेचा कधी? शेळ्या कधी सोडायच्या? पऱ्हाटी कोणत्या दिवशी उपटायची? ठरलेली तारीख दोन्ही गावच्या पाटीवर लिहा आणि पुढच्या मेळाव्यात आम्हाला सांगा.

त्या मेळाव्यात आम्ही कमी बोलू. तुम्ही बोला.