कार्ड गप्प झालं तेव्हा

हिवरखेडहून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. आजची गोष्ट नखाएवढ्या मेमरी कार्डाची आहे.

मागच्या ज्येष्ठात आमच्यातल्या एका ताईच्या आजेसासूंच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही भरून घेतल्या. आजी म्हणाल्या, "घ्या वं माय भरून. माह्या जिवाचा काही भरोसा नाही." आम्ही हसलो. दोन दुपारी मिळून २२ फाईली झाल्या. मग पेरणी आली, निंदण आलं, कार्ड डब्यात पडून राहिलं. भाद्रपदात आजी गेल्या. तेरवीला घरच्यांनी त्यांचा आवाज ऐकवा म्हटलं, तेव्हा आम्ही डबा उघडला.

कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि फाईली कॉपी करायच्या सोडून 'कट' करून 'पेस्ट' केल्या. घाई, दुसरं काय. चार फाईली गेल्या नि लाईन गेली. लाईन आल्यावर कॉम्प्युटर म्हणतो, हे कार्ड वापरायचं तर आधी फॉरमॅट करा. दुकानात नेलं तर तिथंही तेच, "फॉरमॅट मारा, होऊन जाईल." कार्ड चालू झालं असतं हो, पण रिकामं. आमच्यातल्या एकीनं ते हातातून काढून घेतलं, म्हणून आज बोलायला तोंड आहे.

तालुक्याला कॉलेजात शिकणाऱ्या एका भाच्यानं मग समजावलं. आपल्या गटाचं जाड रजिस्टर घ्या. पहिल्या पानावर यादी असते, कोणाचा हिशेब कोणत्या पानावर. ते पान फाटलं तर आतले हिशेब जात नाहीत, फक्त सापडत नाहीत. कार्डातही अशी यादी असते. यादी लिहिली जात असताना वीज गेली किंवा कार्ड उपसलं, की ती बिघडते आणि कॉम्प्युटर कार्ड ओळखत नाही. फाईल पुसली तरी आधी यादीतली नोंदच जाते, मजकूर जागेवर राहतो. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं, की मात्र तो गेलाच. म्हणून असं कार्ड परत मोबाईलमध्ये घालू नका, त्यात एक फोटोसुद्धा काढू नका.

कार्ड अजिबातच दिसत नसेल तर आधी रीडर बदलून पाहा. पुष्कळदा दोष त्या स्वस्तातल्या रीडरमध्ये असतो. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडानं पुसा. मग कॉम्प्युटरच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन कार्डाचं माप दिसतं का ते बघा. आमचं ३२ जीबीचं होतं, तिथं २९ च्या आसपास दिसलं. तेवढं कमी दिसतंच. माप बरोबर दिसलं तर आशा आहे. रीडर बदलूनही काहीच दिसत नसेल तर घरचे उपाय थांबवा. तिथं प्रयोगशाळेचं काम, आणि त्याला हजारोंनी पैसे लागतात.

भाच्यानं आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल कॉम्प्युटरवर उतरवली आणि पुढचं सगळं त्या नकलेवर केलं. मग 'फोटोरेक' चालवलं. नाव फोटोचं असलं तरी ते आवाजाच्या फाईलीही शोधतं. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसानं केलेला हा प्रोग्राम फुकट आहे. काळा पडदा नि इंग्रजी अक्षरं पाहून आम्ही घाबरलो, पण काम बाणाच्या बटणांनी होतं. प्रत्येक जातीच्या फाईलीच्या सुरुवातीला ठरलेली खूण असते, ती हुडकत तो कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. यादी लागतच नाही. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळायच्या: कार्ड अख्खं शोधायला लावायचं, नुसती मोकळी जागा नाही, आणि सापडलेल्या फाईली त्याच कार्डावर न ठेवता दुसरीकडे साठवायच्या. नावं मात्र परत येत नाहीत. सगळ्यांना आकडे पडतात, एकेक ऐकून ओळखावं लागतं.

पुढचं आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून मुद्दाम सांगतो. ओव्यांबरोबर भलतेच फोटो निघाले. ते कार्ड आधी आमच्यातल्याच एकीच्या मोबाईलमध्ये होतं आणि तिनं ते फोटो कधीच पुसले होते. भाच्यानं पडदा तिच्याकडे वळवला आणि बाहेर जाऊन बसला, पोरगं शहाणं. पण विचार करा, दुकानात कार्ड दुरुस्तीला टाकतो तेव्हा समोर कोण बसतं? शक्यतो कार्ड सोडून येऊ नका, काम होईपर्यंत जवळ बसा. जुनं कार्ड कुणाला द्यायचं असेल तर आधी ते काठोकाठ भरेपर्यंत भजनं नाहीतर काहीही भरा आणि मग द्या. नुसतं पुसून भागत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. तिथं त्या एका डब्यात, एका कार्डावर पडून नाहीत. आता आम्हीही रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी दोन प्रती करतो, एक केंद्रात आणि एक पेन ड्राइव्हवर, गटाच्या पेटीत. आणि 'कट' नाही, कॉपीच.

२२ पैकी १९ फाईली मिळाल्या, त्यात आधी उतरलेल्या चार धरून. एक मधूनच तुटलेली आहे. त्यात आजी थांबून सुनेला विचारतात, "दयन संपलं का वं?" आणि पुढं नुसती जात्याची घरघर. घरच्यांनी तीच तीनदा लावायला सांगितली. पुढच्या गुरुवारी याच वेळेला आम्ही ती तुम्हाला ऐकवू.