घटपर्णीचे दुखणे

गेल्या वैशाखात, पनवेल-रोहा लोहमार्गावरील जिते या गावी, एका स्नेह्यांच्या ओसरीवर टांगलेली घटपर्णी मी पाहिली, तेव्हा तिच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. आणि पानाच्या शेंड्यातून निघणाऱ्या ज्या तंतूच्या अग्रावर कीटकांना पचविणारा तो विलक्षण घट आकारास यावयाचा, तेथे तांदळाच्या दाण्याएवढी काळी, वाळलेली कळी तेवढी लोंबत होती. यजमानांनी प्रेमापोटी खत वाढविले होते आणि दोन्ही वेळा विहिरीचे पाणी नेमाने घातले होते. कुंडीच्या काठावर मात्र पांढरा थर जमला होता. तो नखाने खरवडताच यजमानीणबाई म्हणाल्या, "अहो, आमच्या बंबाच्या तळाशीही हेच बसतं!" रोगाचे निदान त्या एका वाक्यात झाले: विहिरीच्या पाण्यातले क्षार.

भारतात घटपर्णीची एकच जाती निसर्गतः आढळते. जोसेफ हूकर यांनी १८७३ मध्ये वर्णिलेली ही खासिया घटपर्णी मेघालयाच्या डोंगरांतली. तिथल्या चेरापुंजीला वर्षाकाठी ११,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथील निकस, धुपून गेलेल्या मातीत नत्राची वाण असते, म्हणूनच या वनस्पतीने कीटकांवर निर्वाह करण्याची तजवीज केली. (आपल्या सड्यांवरील दवबिंदू ही वनस्पतीही याच कारणाने कीटक धरते.) अशा पर्जन्यपोषित मुळांना विहिरीतील क्षार आणि खताचा भार सोसत नाही.

परंतु घट न धरण्याचे प्रत्येक प्रकरण पाण्याचेच असते असे नव्हे. पाने गर्द हिरवी, लांबट, लुसलुशीत असूनही घट येत नसेल, तर उजेड अपुरा समजावा आणि कुंडीला सकाळचे कोवळे ऊन मिळेल असे करावे. पान निरोगी असून केवळ तंतूचे टोक वाळत असेल, तर हवा कोरडी पडत आहे. खालचे एखादे जुने पान पिवळे पडणे हा तर वयाचा धर्म होय.

इलाज करताना मुळे पाहण्याची वेळ येते, आणि येथेच अनेकांच्या हातून अपघात होतो. घटपर्णीची निरोगी मुळेही काळीच असतात. ती कुजली असे समजून कापून टाकणे म्हणजे रोप हातचे घालविणे. बोटांनी दाबून खातरजमा करावी: टणक असेल ते मूळ जिवंत; ज्याची साल सुटून येते आणि आत पोकळी लागते, तेवढेच कापावे. नारळाच्या सोडणाचे तुकडे अनेक पाण्यांतून धुऊन, कारण सोडणातही मीठ मुरलेले असते, त्यांत लाकडी कोळशाची भर घालून रोप पुन्हा लावावे. खत मुळीच घालू नये. जित्याच्या रोपावर आम्ही हेच केले. करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. निकाल नव्या पानावरून लागतो, आणि तो श्रावणात लागला: करंगळीएवढा, लालसर ओठांचा एक घट.

श्रोतेहो, मृगाला आता थोडेच दिवस उरले आहेत. पहिल्या सरींनी कौले धुऊन निघाली, की पन्हळीखाली एक स्वच्छ रांजण मांडा, तो भरला की त्यावर झाकण ठेवा, आणि ते पाणी घटपर्णीसाठी राखून ठेवा.